दाण्याला विचारलं, उत्तर पोकळीनं दिलं

बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात कोरड्या यीस्टचं अर्ध्या किलोचं पाकीट मिळतं. हातात घेतलं की वीट उचलल्यासारखं वाटतं. कडेला बोटानं दाबून बघा, बोटच दुखेल. ओट्यावर आपटलं तर ठक्क आवाज येतो. मग कात्रीनं कोपरा कापायचा. फुस्स होतं, आणि पुढच्याच क्षणी ती वीट रव्यासारखी डब्यात ओतता येते.

दाणे तेच, त्यांचं वजनही तेच. पाकिटातली हवा आधी काढून घेतलेली होती, म्हणून बाहेरची हवा त्या दाण्यांना चहूबाजूंनी आवळून धरत होती, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाच्या जोरानं. कोपरा कापला आणि ती मूठ सुटली, एवढंच.

आता कुणी विचारलं, या यीस्टची ताठरता किती, तर काय सांगणार? पाकीट कापण्याआधीची की नंतरची? की या दोन्हींचा संबंध नसलेली, एकेका दाण्याची? भुकटीची ताठरता मोजायची म्हटलं की हा घोळ पहिल्याच पावलाला पायात येतो. या विषयातल्या सगळ्या युक्त्या या घोळातून सुटण्यासाठीच जन्माला आल्या आहेत.

आधी ताठरता म्हणजे काय, ते उरकून घेऊ. अकरावीच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आठवा: रबर जास्त स्थितिस्थापक की पोलाद? आपण बोलताना ज्याला लवचीक म्हणतो ते रबर, पण उत्तर पोलाद. कारण भौतिकशास्त्र विचारतं ते असं: ठरावीक ताणानं किंवा दाबानं वस्तूचा आकार किती बदलतो, आणि जोर काढल्यावर ती पूर्ववत होते का? जितका बदल कमी, तितकी ताठरता जास्त. तिचं माप गिगापास्कलमध्ये देतात. एक गिगापास्कल म्हणजे नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर दहा टन. पोलादाचा यंग मोड्युलस, म्हणजे एका दिशेनं ओढल्या-दाबल्यावरची ताठरता, २०० गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियमचा आणि साध्या काचेचा ७०च्या. ताठरता म्हणजे मजबुती नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. भाजलेला पापड चांगला ताठ असतो, पण हातात धरता धरता मोडतो.

पोलादाची सळई असेल तर काम सोपं. दोन टोकं पकडायची, ओढायचं, किती लांबली ते बघायचं. पण पुष्कळ पदार्थ मुळात भुकटीच्याच रूपात मिळतात. नवं औषध प्रयोगशाळेत तयार होतं ते पांढऱ्या पुडीच्या रूपात. सिरॅमिकचा कच्चा माल भुकटी. काही खनिजं फक्त प्रचंड दाबाखाली तयार होतात आणि तीही धुळीएवढ्या कणांत. यांची सळई कुठून आणायची?

मग वाटतं, भुकटी नळकांड्यात भरू, वरून दट्ट्या दाबू आणि दट्ट्या किती खाली गेला ते बघू. करून बघायला हरकत नाही. पण दट्ट्या खाली जातो तो मुख्यतः दाणे सरकून पोकळ्यांत घुसल्यामुळे. दळण आणल्यावर पिठाचा डबा दोनदा आपटला की पीठ चार बोटं खाली बसतं, तसंच. पीठ काही आक्रसलेलं नसतं.

ही फसवणूक केवढी मोठी असते, त्याचा हिशोब वाळूवर मांडून बघू. वाळूचा दाणा म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्झ. अखंड क्वार्ट्झमधून ध्वनी सेकंदाला सुमारे ६,००० मीटर वेगानं जातो. कोरड्या, मोकळ्या वाळूच्या वरच्या थरात तो वेग किती असतो? हे उत्तर एका विंचवामुळे नीट मोजलं गेलं. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात एक विंचू रात्री शिकारीला निघतो. आसपास कुठे किडा वळवळला की वाळूतून येणारी थरथर पायांना जाणवून तो बरोब्बर त्या दिशेला धावतो. हे कसं घडतं ते शोधताना फिलिप ब्राउनेल यांनी वाळूतल्या लहरींचे वेग मोजले आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. दाबलहरीचा वेग निघाला सेकंदाला १०० मीटरच्या आसपास, तर पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरीचा ५० मीटरच्याही आत. म्हणजे वाळूतला ध्वनी हवेतल्या ध्वनीपेक्षाही हळू चालतो! हवेत तो सेकंदाला ३४० मीटर जातो.

ताठरता काढायचं सूत्र साधं आहे: घनता गुणिले वेगाचा वर्ग. क्वार्ट्झसाठी उत्तर येतं साधारण ९५ गिगापास्कल. वाळूच्या ढिगासाठी, घनता १,६०० किलो प्रति घनमीटर धरली तर, ०.०१६ गिगापास्कल. जवळजवळ सहा हजार पट फरक! ढिगात पोकळी जेमतेम चाळीस टक्के. चाळीस टक्के हवा मिसळली म्हणून वस्तू सहा हजार पट मऊ कशी होईल? म्हणजे दोष नुसत्या हवेच्या माथी मारून चालणार नाही. दाणे एकमेकांना टेकतात कसे, ते बघायला हवं.

ते बघितलं हाइनरिश हर्ट्झनं. ज्याच्या नावाचं एकक आपण रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे वापरतो, तोच हा. १८८०च्या नाताळच्या सुट्टीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये त्याच्या डोक्यात एक शंका घोळत होती. काचेची दोन भिंगं एकमेकांवर ठेवून प्रकाशाची रंगीत वलयं बघताना, भिंगं टेकतात त्या जागी काच थोडी चपटी होत असणार. किती? सुट्टी संपेपर्यंत त्यानं गणित सोडवलं आणि जानेवारी १८८१ मध्ये तिथल्या भौतिकी मंडळापुढे मांडलं.

त्याचं उत्तर खेळातल्या गोट्यांवर लावून बघा. सोळा मिलिमीटरच्या काचेच्या दोन गोट्या एकमेकींवर ठेवून एक किलो वजनानं दाबल्या, तर त्या टेकतात ती चकती असते फक्त ०.२ मिलिमीटर व्यासाची. सगळं वजन त्या टिकलीतून पलीकडे जातं. बाकीची गोटी निवांत असते. म्हणून गोट्यांची रास काचेच्या ठोकळ्यापेक्षा कितीतरी मऊ लागते. काच तीच, पण जोर पेलायला तिचा इवलासा तुकडाच पुढे येतो. जोर वाढवला की चकती रुंदावते आणि टेकण ताठ होतं. यीस्टचं पाकीट वीट का बनतं, त्याचं एक कारण हे. दुसरं असं की आवळलेल्या दाण्यांना एकमेकांवरून घसरायला घर्षण आडवं येतं.

हर्ट्झच्या गणितानुसार राशीची ताठरता दाबाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढायला हवी. म्हणजे दाब आठपट केला तर ताठरता दुप्पट. प्रत्यक्षात कमी दाबावर ती याहून वेगानं वाढते, कारण आधी न टेकलेले दाणेही दाबाखाली टेकायला लागतात, आणि दाणे काही गुळगुळीत गोट्या नसतात. तरी मुद्दा तोच: भुकटीच्या ढिगाला स्वतःची अशी एक ताठरता नसतीच. दाब सांगा, मग ताठरता सांगतो.

इमारतीच्या पायाखालची वाळू तपासणाऱ्या अभियंत्याला हीच, ढिगाची ताठरता हवी असते. त्याला दाण्याशी देणंघेणं नाही. पण ज्याला पदार्थाचा स्वभाव जाणून घ्यायचा आहे, त्याला दाण्याला विचारायचं असतं आणि मध्येच पोकळी उत्तर देते. तिला गप्प कसं करायचं?

सगळ्यात रांगडा उपाय म्हणजे पिळून काढणं. रसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्यांनी पोटॅशियम ब्रोमाइडची चकती पाडलेली असते. पांढरी भुकटी साच्यात घालायची, हातपंपाच्या प्रेसवर आठ-दहा टन दाब द्यायचा, आणि बाहेर काचेसारखी पारदर्शक टिकली येते. पांढरेपणा पोकळ्यांचा होता. प्रकाश दाण्यांच्या कडांवर विखुरत होता म्हणून भुकटी पांढरी दिसत होती. पोकळ्या गेल्या, पांढरेपणा गेला. डोळ्यांनी दिसणारा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण सगळेच पदार्थ इतके गरीब नसतात. माझी पहिली नोकरी गोव्यातल्या एका औषध कारखान्यात, गोळ्या पाडण्याच्या विभागात होती. पॅरासिटामॉलची बॅच चालू होती. यंत्रातून गोळ्या धडाधड पडत होत्या, दिसायला एकदम देखण्या. ऑपरेटरनं एक उचलली, अंगठ्यानं कडेला हलकेच ढकललं आणि गोळीचं वरचं झाकण अलगद निघालं, बरणीचं निघतं तसं. "कॅपिंग," तो म्हणाला, आणि यंत्र बंद केलं. पुढचे तीन दिवस आमच्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

झालं होतं ते असं. पंच भुकटी दाबतो तेव्हा दाणे काही अंशी कायमचे चपटे होतात आणि काही अंशी स्प्रिंगसारखे आवळले जातात. पंच वर उचलला की ती स्प्रिंग सुटते. कायमच्या चपटेपणानं दाण्यांत जो चिकटा जमलेला असतो, तो या उसळीपेक्षा कमी पडला तर गोळी आडवी चिरते. अडकून बसलेली हवा त्यात भर घालते. पॅरासिटामॉल या बाबतीत बदनाम आहे. बाजारात वापरतात तो त्याचा नेहमीचा स्फटिकप्रकार सहजी चपटा होत नाही. त्याचाच दुसरा एक प्रकार आहे, ज्यात रेणूंचे थर पत्त्यांसारखे एकमेकांवरून घसरतात, आणि त्याच्या गोळ्या छान बसतात. रेणू तोच, रचना वेगळी. अशा वेळी दाण्याची ताठरता आणि त्याचा चपटा होण्याचा कल आधी माहीत असेल, तर तीन दिवस वाचतात.

अशा अर्धवट दबलेल्या गोळीवरून पोकळी नसलेल्या पदार्थाची ताठरता काढायची तर एक वळसा घ्यावा लागतो. वेगवेगळ्या दाबाखाली गोळ्या पाडायच्या, म्हणजे कुणात वीस टक्के पोकळी, कुणात दहा, कुणात पाच. प्रत्येकीची ताठरता मोजायची, आलेख काढायचा आणि रेघ शून्य पोकळीपर्यंत लांबवायची. १९६१ मध्ये स्प्रिग्ज यांनी सिरॅमिकसाठी एक सुटसुटीत सूत्र सुचवलं, त्यात पोकळीबरोबर ताठरता घातांकी रीतीनं घसरते. ॲल्युमिनियम ऑक्साइडसाठी त्यातला गुणक सुमारे ४ येतो. म्हणजे दहा टक्के पोकळी असेल तर ताठरता तेहतीस टक्क्यांनी खाली. पोकळी आपल्या वाट्यापेक्षा तिप्पट बोलते!

या पद्धतीवर माझा विश्वास बेताचाच आहे. रेघ लांबवणं म्हणजे जिथे माप घेतलेलंच नाही तिथलं उत्तर सांगणं. शिवाय सगळ्या पोकळ्या सारख्या नसतात. गोल बुडबुडा फारसा त्रास देत नाही, पण तेवढ्याच आकारमानाची सपाट भेग ताठरता पार खाली आणते. दोन गोळ्यांमध्ये दहा-दहा टक्केच पोकळी असली, तरी एक साबुदाण्यासारखी आणि दुसरी पापुद्र्यांसारखी असेल तर आकडे जुळणार नाहीत.

गोळीची ताठरता मोजायची कशी? वाकवून मोजता येते, पण नाजूक गोळीला ते सोसत नाही. त्यापेक्षा ध्वनी बरा. गोळीच्या एका तोंडाला अल्ट्रासाउंडचा ट्रान्सड्यूसर लावायचा, एक टिचकी पाठवायची आणि पलीकडच्या तोंडावरून तिचा प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तीन मिलिमीटर जाड गोळीत वेग सेकंदाला २,००० मीटर असेल तर जाऊन-येऊन तीन मायक्रोसेकंद. एकदा पुढे-मागे हलणारी लहर पाठवायची, एकदा आडवी हलणारी. दोन वेग आणि घनता हातात आली की ताठरतेचे दोन्ही आकडे मिळतात: चहूबाजूंनी दाबल्यावर पदार्थ किती आक्रसतो तो बल्क मोड्युलस, आणि आकारमान न बदलता नुसता तिरका केल्यावर किती विरोध करतो तो शिअर मोड्युलस.

यात एक गंमत आहे. ट्रान्सड्यूसर आणि गोळी यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर राहिला तरी लहर पलीकडे पोचत नाही, म्हणून मध्ये काहीतरी लावावं लागतं. पुढे-मागे हलणाऱ्या लहरीला तेल चालतं. आडव्या लहरीला पातळ द्रव चालत नाही, कारण द्रव आडवा जोर पेलतच नाही. तिथे घट्ट, चिकट काहीतरी हवं, आणि प्रयोगशाळांमधून यासाठी खरोखर मध वापरतात. लाखांच्या यंत्राशेजारी मधाची बाटली दिसली तर कुणाचा नाश्ता राहिलाय असं समजू नका.

दुसरा मार्ग म्हणजे एकच दाणा गाठायचा. भुकटी रेझिनमध्ये कालवून ठोकळा ओतायचा, घासून पॉलिश करायचा, म्हणजे दाण्यांची कापलेली तोंडं वर येतात. मग त्यातलं एक निवडून त्यात हिऱ्याची तीन बाजूंची टोकदार सुई रुतवायची, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापेक्षाही कमी खोल. याला नॅनोइंडेंटेशन म्हणतात. ही पद्धत आज ज्या रूपात सर्रास चालते ते १९९२ मध्ये ऑलिव्हर आणि फार (Pharr) या दोन शास्त्रज्ञांनी घालून दिलं, आणि त्यातली कल्पना मला फार आवडते.

पेढ्यावर अंगठा दाबा, ठसा तसाच राहतो. इडलीवर दाबा, ती परत फुगते. सुई आत शिरताना दाण्याचं दोन्ही होतं, थोडा पेढा आणि थोडी इडली, आणि त्या आकड्यात दोन्हींची खिचडी असते. पण सुई मागे घेताना? पेढ्याचा भाग तर कायमचा बसलेला, तो काही मागे येत नाही. मागे येते ती फक्त इडली. म्हणून जोर कमी करताना सुई किती वर येते, त्याच्या सुरुवातीच्या उतारावरून निखळ ताठरता मिळते. आत जाताना नाही, बाहेर येताना मोजायचं!

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गौतम देसिराजू आणि उपद्रष्टा राममूर्ती यांच्या गटांनी ही सुई औषधी रेणूंच्या स्फटिकांवर चालवली. ॲस्पिरिनच्या दोन स्फटिकरचना एकमेकींसारख्या इतक्या, की त्या वेगळ्या मानाव्यात का यावर वाद होता. सुईनं त्यांतला फरक दाखवला. अर्थात त्यासाठी सुईला पुरेल एवढा नीट वाढलेला स्फटिक हवा. पिठासारखी बारीक भुकटी असेल तर सुई दाण्याबरोबर खालचं रेझिनही दाबते, आणि पोकळीऐवजी आता रेझिन मध्ये बोलायला लागतं.

मग कुणी म्हणेल, रेझिनचं बोलणं चालू दे, आपण अख्ख्या ठोकळ्याचीच ताठरता मोजू आणि रेझिनचा वाटा वजा करू. कागदावर छान दिसतं. साधा अंदाज करून बघा. रेझिनची ताठरता ३ गिगापास्कल, दाणे चाळीस टक्के. दाण्यांची ताठरता १०० धरली तर ठोकळ्याची सुमारे ४.९ येते. दाण्यांची दुप्पट करून २०० केली तर? ४.९५. एका टक्क्याचा फरक, आणि तेवढी तर मोजण्यातली चूकच असते. सगळा भार मऊ रेझिननंच सोसला, दाण्यांना कुणी हातच लावला नाही. मऊ दाण्यांसाठी ही युक्ती चालते, ताठ दाण्यांसाठी ती आंधळी आहे.

आता शेवटचा आणि सगळ्यात सुंदर मार्ग. आत्तापर्यंत आपण दट्ट्या, ध्वनी किंवा सुई वापरून वस्तूच्या बाहेरून आत बघत होतो. त्याऐवजी थेट अणूंनाच विचारलं तर? क्ष-किरण स्फटिकावर पाडले की अणूंच्या थरांमधल्या अंतरानुसार ते ठरावीक कोनांत परततात. लॉरेन्स ब्रॅगनं १९१२ मध्ये हा नियम मांडला आणि १९१५ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, वडिलांबरोबर नोबेल घेतलं. भुकटीतून हे किरण वलयांच्या रूपात बाहेर येतात. वलयांच्या त्रिज्या मोजा, थरांमधलं अंतर कळतं. भुकटीवर दाब वाढवत न्या आणि हे अंतर किती घटतं ते बघत राहा. झालं काम. पोकळीत अणूच नाहीत, त्यामुळे वलयं कुठे पडतात यात तिला बोलताच येत नाही.

प्रश्न उरतो दाबाचा. घन पदार्थ नीट आक्रसायचा तर अनेक गिगापास्कल हवेत. १९५८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वीअर, लिपिंकॉट, व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि बंटिंग यांनी एक मुठीत मावेल असं उपकरण केलं. टोकं सपाट घासलेले दोन हिरे समोरासमोर, आणि मध्ये नमुना. हिरे आले कुठून? सरकारनं तस्करांकडून जप्त केलेल्या मालातून, फुकट! हिरा इथे दुहेरी कामाचा: त्याच्याइतकं ताठ दुसरं काही सहज मिळत नाही, आणि तो प्रकाशाला आणि क्ष-किरणांना आरपार जाऊ देतो. खुबी जागा लहान करण्यात आहे. हिऱ्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर १० गिगापास्कल दाबासाठी फक्त दोनशे किलोचा जोर लागतो. चार स्क्रू हातानं पिळून तेवढा मिळतो.

दोन हिऱ्यांमध्ये धातूचा पातळ पत्रा असतो, त्याला केसाच्या जाडीपेक्षा थोडं मोठं भोक. त्या भोकात भुकटी मावते ती दोन-चार मायक्रोग्रॅम, चिमटीतल्या मिठाचा शंभरावा भागही नव्हे. उरलेल्या जागेत मिथेनॉल आणि इथेनॉल चारास एक या प्रमाणात भरतात. का? तर द्रव प्रत्येक दाण्याला सगळीकडून सारखाच दाबतो. दाणा दाण्याला कुठे टेकलाय, हा हर्ट्झचा सगळा त्रास तिथेच संपतो. हे मिश्रण साधारण १० गिगापास्कलपर्यंत द्रव राहतं. सोबत माणकाचा एक कण टाकतात. त्याच्यावर लेसर पाडला की तो लाल चमकतो, आणि दाबाबरोबर त्या लालीची तरंगलांबी सरकत जाते, दर गिगापास्कलला सुमारे ०.३६ नॅनोमीटर. १९७२ मध्ये त्याच ब्युरोत सापडलेला हा दाबमापक आजही चालू आहे.

भोकात आपलं स्वयंपाकघरातलं मीठ भरू. साध्या हवेत त्याच्या स्फटिकातल्या घनाची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाच गिगापास्कलवर ती ५.३८च्या आसपास येते, म्हणजे आकारमान तेरा टक्क्यांनी घटतं. असे आठ-दहा दाबांचे आकडे घेऊन आलेख काढला की तो सरळ रेघ नसतो, वाकत जातो. जितकं दाबावं तितकं मीठ जास्त ताठ होतं, अणू एकमेकांच्या अंगावर यायला लागतात ना! मर्नहान यांनी १९४४ मध्ये आणि बर्च यांनी १९४७ मध्ये या वाकण्याची सूत्रं दिली. ती लावून सुरुवातीचा उतार काढला की मिठाचा बल्क मोड्युलस मिळतो, सुमारे २४ गिगापास्कल. पाण्याचा २.२ आणि हिऱ्याचा ४४०च्या पुढे, यांच्यामध्ये कुठेतरी मीठ. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, अशी मापं घेण्याची सोय आहे.

इतकं करूनही एक उणीव राहतेच. द्रव सगळीकडून सारखं दाबतो, म्हणून मिळतो तो फक्त बल्क मोड्युलस. तिरकं केल्यावर पदार्थ काय करतो, याबद्दल वलयं अवाक्षर बोलत नाहीत. शिवाय दाणासुद्धा सगळ्या दिशांनी सारखा नसतो. मिठाच्या स्फटिकाला घनाच्या कडेच्या दिशेनं दाबलं तर यंग मोड्युलस ४४ गिगापास्कलच्या जवळ येतो, कोपऱ्यातून कोपऱ्यात दाबलं तर ३३च्या. भुकटीत दाणे वाट्टेल तसे पडलेले, त्यामुळे मिळते ती सरासरी.

ही उणीव भरून काढण्यात एक महत्त्वाचं नाव बेंगळुरूचं आहे. राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेतले ए. के. सिंह. द्रव नसेल, किंवा असून गोठला असेल, तर हिरे भुकटीला वरून-खालून जास्त आणि कडेनं कमी दाबतात. वलयं गोल राहत नाहीत, किंचित लांबट होतात. बहुतेकांना ही कटकट वाटायची, दाब नीट सारखा झाला नाही म्हणून. सिंह यांनी गणित मांडलं की वलय किती लांबट झालं आणि कोणतं वलय जास्त लांबट झालं, यातच स्फटिकाची वेगवेगळ्या दिशांची ताठरता लिहिलेली आहे. म्हणजे स्फटिक न वाढवता, भुकटीवरूनच.

१९९८ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ही रीत लोखंडाच्या भुकटीवर चालवली, २२० गिगापास्कलपर्यंत. लोखंडच का? पृथ्वीचा सगळ्यात आतला गाभा मुख्यतः लोखंडाचा आहे, घन आहे, आणि तिथला दाब ३३० ते ३६० गिगापास्कल आहे. भूकंपाच्या लहरी त्यातून ध्रुवांच्या दिशेनं जाताना विषुववृत्ताच्या दिशेपेक्षा सुमारे तीन टक्के वेगानं जातात. म्हणजे तिथलं लोखंड एका दिशेनं जास्त ताठ आहे, आणि त्या दाबाखालच्या लोखंडाचा मोठा स्फटिक कुणाच्या हाती लागणार? हाताशी होती ती चिमूटभर भुकटी.

आकडे आले, गाजले. मग काही वर्षांनी शंका निघाली. सिंह यांचं गणित दाणे फक्त आवळले जातात असं धरून चालतं. पण एवढ्या दाबाखाली लोखंडाचे दाणे कायमचे वाकतातही, आणि काही दिशांना वळलेले दाणे इतरांपेक्षा लवकर हार मानून आपला भार शेजाऱ्यावर ढकलतात. मग वलयाचा लांबटपणा कुठवर ताठरतेचा आणि कुठून पुढे या वाकण्याचा, ते वेगळं करणं अवघड होऊन बसतं. इडली मोजायला गेले होते, मध्ये पुन्हा पेढा निघाला.